रकान्याबाहेरचं : लिखाणाच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली, आज सकाळच्या गाडीनं पोरं पुण्याला गेली आणि घर एकदम मोकळं मोकळं झालं. जाताना नातीनं माझ्या मोबाईलमध्ये नोट्सचं एक ॲप टाकून दिलं आणि म्हणाली, आबा तुम्ही सारखं लिहायचंय लिहायचंय म्हणता ना, मग रोज काय केलं ते यात टाकत जा, आम्ही प्रोजेक्ट करताना असाच लॉग ठेवतो. ३५ वर्षं तलाठी म्हणून काढलेल्या माणसाला नोंद कशी घ्यायची ते नात शिकवतीय, असो.

तर प्रकल्प : गावाकडच्या आणि नोकरीतल्या गोष्टी लिहून काढणे. नग : १२. मुदत : गुढीपाडवा, म्हणजे ३० मार्च २०२५. खर्च : निरंक. कोणासाठी : हा रकाना सध्या मोकळा.

आजचं काम : माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. ही खालनं ओरडत होती, "अहो, कंबर धरली तर मला सांगू नका."

६ नोव्हेंबर

पेटीतून निघालेला माल : दोनशेपानी वह्या ३ (त्यातल्या एकीची खालची कड वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे प्रत्येक पानाच्या शेवटच्या चार ओळी गायब), वर्गाच्या भित्तिपत्रकाची काही पानं, वाळलेल्या शाईची दौत, आणि साभार परत आलेल्या कथांच्या चिठ्ठ्या, एकूण ११.

आजच्या पोरांना साभार परत काय ते सांगावं लागतं. कथा पाठवायची तर सोबत आपलाच पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, म्हणजे पसंत नाही पडली तर संपादकांना परत पाठवायला खर्च नको. आपल्या नकाराचं पोस्टेज आपणच भरायचं. आमच्याकडं पोस्टमन सायकलवरून चावडीपाशी उतरायचा आणि त्याच्या हातातल्या पाकिटाची जाडी लांबूनच दिसायची. जाड म्हणजे परत आली. पातळ असेल तर आशा. मला पातळ पाकीट आयुष्यात एकदाच आलं, उघडलं तर आत वर्गणी भरा म्हणून पत्र.

तरी लिहायचो. सातवीपासून लिहायचो, शेतात जाताना, म्हशीमागं, कंदिलापाशी. दहावी झाली १९७७ ला, तेव्हा गल्लीत मला कवी म्हणायचे आणि ते काही कौतुकानं नव्हतं.

७ नोव्हेंबर

वह्या वाचल्या. बेकार आहेत. म्हणजे खरंच बेकार, नम्रपणा नाही. पानापानावर रजनी, शशांक, विरहज्वाला. आमच्या घरात रात्रीला रजनी म्हणणारं एक माणूस नव्हतं, आई रात म्हणायची आणि रात म्हणजे तिला सकाळच्या भाकरीच्या पिठाची काळजी. आणि मी सतरा वर्षांचा बाप्या, विरह कशाचा म्हणाल तर कोणाचाच नाही. ते सगळं लायब्ररीतल्या पुस्तकांतनं उचललेलं होतं.

एकच ओळ बरी सापडली, ती कवितेत नाही, मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलीय : "आज बापूनं बैल विकला आणि दावं घरी आणलं." बस, पुढं काही नाही. ही ओळ मी का लिहिली आणि पुढं का सोडली आठवत नाही. विरहज्वालेला तेव्हा जास्त भाव होता.

शेवटच्या कवितेवर तारीख १९८७ ची. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. लिहू नको असं मला कोणी म्हणलं नाही, बायकोनं वह्या जाळल्या नाहीत, तसलं काही झालं नाही. तेव्हा सातबारा हातानं लिहून द्यायचा असायचा, दिवसभर उतारे, रात्री नमुना सहाच्या फेरफार नोंदी, जुलै संपेपर्यंत वर्षाचा हिशोब मिटवायचा, कारण महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. पेन हातात घेतलं की बोटं दुखायची. एक दिवस वही पेटीत टाकली, पुढल्या रविवारी काढू म्हणून.

९ नोव्हेंबर

पहिला प्रयत्न. विषय बार्शीची छोटी रेल्वे. किती वर्षं डोक्यात होता. पहाटे पाचला बसलो, दोन तासात हे झालं :

"सदर गाडी ही कुर्डुवाडी-बार्शी-लातूर या मार्गावर धावत असे व रुळांमधील अंतर अडीच फूट होते. सन १८९७ मध्ये सदर मार्ग प्रथम कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झाला असून त्याची उभारणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने केल्याचे समजते. गाडीचा वेग अत्यंत कमी असल्याने काही प्रवासी चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढत असल्याचे दिसून आले. सबब"

सबब काय, ते पुढं सुचलं नाही.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय का तहसीलदारानं?"

१२ नोव्हेंबर

बोलून टाईप करून बघितलं, नातीनं माईकचं चित्र दाखवून ठेवलं होतं. मी आपला सोलापुरी बोलतो, ते त्याला पुस्तकी करून लिहितं. येळवस (वेळ अमावास्या, आमच्याकडचा रानातला सण) म्हणलं की वेळ वस. "कडब्याची गंज" (म्हणजे रचलेला ढीग) म्हणलं तर कडब्याला गंज चढवून ठेवला. बंद केलं. एका बोटानं टाईप करतो आता. ऱ्या कुठून काढायचा ते कळेना म्हणून पहिले चार दिवस दुसऱ्या हा शब्दच टाळला, सगळीकडं "दोन नंबरच्या" लिहिलं.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. रांगेत जुना कोतवाल भेटला, हातात काठी, तरी लांबून "भाऊसाहेब" म्हणून हाक मारलीच. आता तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंय असं मी सांगितलं तर म्हणाला, असूद्या, हाक मारायला भाऊसाहेबच बरं पडतं. शब्द : ०.

२६ नोव्हेंबर

कुठलं तरी बटण दाबलं आणि ८०० शब्द गेले. नातीला फोन केला, ती म्हणाली ट्रॅशमध्ये बघा, बघितलं, नाहीत. फार वाईट वाटलं नाही याचंच वाईट वाटलं. त्यातही सदर होतंच.

३ डिसेंबर

आठ दिवस मुद्दाम सुंदर लिहायचा प्रयत्न केला. जमेना. एक तर रजनी येते नाहीतर सदर येतं, मधलं काही येतच नाही. सतराव्या वर्षीचा कवी आणि पन्नाशीतला तलाठी दोघं उंबऱ्यावर बसलेत आणि मला काही आत जाऊ देत नाहीत. (हे वाक्य कवीनं लिहिलंय, कळतंय मला.)

१५ डिसेंबर, रविवार

आज एक गंमत झाली ती नीट लिहून ठेवतो.

पंचनाम्यात जागेचं वर्णन करताना चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. जागा कोणती हे नुसत्या नंबरावरून कळत नाही, तिच्या चारी अंगाला काय आहे त्यावरून कळते. आमचं जुनं घर, जे १९९८ ला पडलं, त्यावर लिहायचं होतं आणि सुरुवात सापडत नव्हती, शेवटी वैतागून चतुःसीमाच टाकली :

"पूर्वेस : सुताराचं घर, त्याच्या भिंतीला आमची तुळई टेकलेली, त्यामुळे भांडण झालं तरी दोन्हीकडून जपून व्हायचं. पश्चिमेस : बोळ, एक म्हैस जाईल एवढा, दोन आल्या तर एकीला मागं जावं लागायचं आणि म्हैस मागं जात नाही. दक्षिणेस : मारुतीचा पार. उत्तरेस : चुलत्याची पडीक जागा, जिच्याबद्दल घरात बोलायचं नाही."

हे लिहून झाल्यावर पुढचं आपोआप यायला लागलं, उत्तरेच्या पडीक जागेवरच तीन पानं झाली. म्हणजे इतके दिवस मी ज्या भाषेला घालवत होतो तिच्याच पायरीवरून आत जाता आलं. पंचनाम्यात वर्णन करायचं असतं, भावना लिहायची नसते, कोण हजर होतं ते लिहायचं, किती होतं ते मोजून लिहायचं, जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. सतराव्या वर्षी हे मला कोणी सांगितलं असतं तर ११ मधली एखादी तरी कथा पातळ पाकिटात आली असती.

हिनं वाचलं. काही बोलली नाही, चष्मा पुसला आणि म्हणाली, "म्हशीचं खरंय." एवढ्यावर मी दोन दिवस खुशीत.

शब्द : १,१४०.

३० डिसेंबर

येळवस. चुलतभावाच्या रानात गेलो. कडब्याची कोप, पाच दगडांचे पांडव, बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील. खाऊन तिथंच झोपलो. मोबाईल घरी विसरलो होतो, बरं झालं.

८ जानेवारी २०२५

आजची नोंद लांबणार आहे.

ही गोष्ट यादीत नव्हती. २०१४ च्या मार्चची गारपीट. तेव्हा लोकसभेची आचारसंहिता लागलेली, आम्हाला एकीकडं मतदार याद्यांचं काम आणि दुसरीकडं गारपिटीचे पंचनामे, आणि वरून रोज फोन की आकडे पाठवा आकडे पाठवा. मी एका दिवसात साठेक गट उरकत होतो. उरकत हाच शब्द, पाहत नव्हतो.

एका म्हातारीचं ६० आर रान होतं, मालदांडी ज्वारी. काढणीला आलेली. सगळी आडवी, अशी की कोणी वरून लोळण घातलीय, कणसं चिखलात रुतून काळी पडायला लागलेली. दुसरा दिवस होता तरी आडव्या ताटांखाली गारा तशाच होत्या, पाय ठेवला की खडीसाखरेसारख्या चुरचुर वाजायच्या. मी बांधावर उभा राहून फॉर्म भरला. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी. त्या वर्षी मदतीसाठी नुकसान ५० टक्क्यांपेक्षा जास्त लागायचं (पुढच्या वर्षी ती अट ३३ वर आली), त्यामुळे बघायचं एवढंच की ५० च्या वर का खाली. वर होतं. म्हणजे तिचं सगळंच गेलं होतं, पण सगळंच गेलं असं लिहायला जागा नव्हती, "५० टक्क्यांपेक्षा जास्त" असं लिहिलं.

म्हातारीनं एक टोपलं आणलं, वर लुगड्याचा तुकडा झाकलेला. मला वाटलं शेंगा बिंगा देतीय. तिनं तुकडा बाजूला केला. आत पाखरं होती, मेलेली. बांधावरच्या लिंबाखाली रात्रभर गारांनी मारलेली, सकाळी तिनं गोळा केली होती. पोपट होते, अजून काय काय होतं. पिसं ओली होऊन अंगाला चिकटलेली त्यामुळे एकेक इतकं बारीक दिसत होतं की वाटावं पाखरू म्हणजे निम्मं पीसच असतं.

म्हणाली, "भाऊसायब, ही बी लिव्हा की. ही बी माझ्याच रानातली हायती."

मी म्हणलं, "मावशी, याला रकाना नाही."

ती बरं म्हणाली आणि टोपलं घेऊन बांधाकडं गेली. मी अंगठा घेतला होताच. छापील फॉर्मच्या खाली ओळ असते, पंचनामा वाचून दाखवला, मजकूर बरोबर आहे. साठ गटांत मी ती ओळ एकदाही खरी केली नाही, वाचून दाखवायला बसलो असतो तर तीन दिवस गेले असते आणि फोन चालूच होते. माझा कोणावर आरोप नाही, फोन करणाऱ्यालाही वरून फोन होताच.

अकरा वर्षं ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, घरीसुद्धा नाही. आज एका बैठकीत लिहून झाली, दुपारचं जेवण राहिलं. एकही सदर नाही आणि रजनी पण नाही.

शब्द : १,६२०. एक शब्द बदलायचा नाही असं ठरवलंय.

१४ जानेवारी

संक्रांत. शब्द : ०. तिळाच्या पोळ्या : ४.

२ फेब्रुवारी

सात गोष्टी झाल्या. बापूच्या बैलाची पण झाली, त्या पुठ्ठ्यावरच्या ओळीपासून सुरू केली आणि दाव्यापाशीच संपवली. यात १९७७ च्या त्या पोराचं एक वाक्य जसंच्या तसं आहे, तेवढं त्याचं श्रेय त्याला.

२१ फेब्रुवारी

दिल्लीत ९८ वं साहित्य संमेलन सुरू झालं, टीव्हीवर ताराबाई भवाळकरांचं भाषण ऐकलं. ओवीवाल्या, जात्यावर गाणाऱ्या बायकांवर आयुष्य घालवलेली बाई अध्यक्ष, बरं वाटलं. आमची आई दळताना काय म्हणायची ते मी कधी लिहून घेतलं नाही. वहीत विरहज्वाला लिहीत बसलो होतो आणि चार हातांवर जातं चालू होतं. आता दोनच ओळी आठवतात आणि त्यापण एकमेकींच्या शेजारच्या नाहीत. आठवी गोष्ट यावर करायची का? नको. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही.

३ मार्च

ठरवलं की ३० प्रती काढायच्या, घरच्या लोकांसाठी आणि जुन्या मित्रांसाठी. पुस्तक बिस्तक नाही, साधं बाईंडिंग. डीटीपीवाल्याकडं पेन ड्राईव्ह घेऊन गेलो. त्याच्याकडं जुनं पेजमेकर, त्याचे फाँट वेगळे, माझा मजकूर मोबाईलच्या युनिकोडमधला, तिथं टाकला तर सगळीकडं चौकोन चौकोन. चतुःसीमेचा तर चौकोनच झाला शब्दशः. तो म्हणाला काका, परत टाईप करावं लागेल, पानाला इतके. म्हणलं मी एका बोटानं चार महिने केलंय, परत नाही. त्याच्या पोरानं कन्व्हर्टर लावून दिला. त्यात जोडाक्षरं काही मोडली, ती बसून दुरुस्त केली. ऱ्या सगळे गेले होते. अभिजात दर्जा मिळाला आपल्या भाषेला ऑक्टोबरात, पण दुसऱ्या अजून नीट छापून येत नाही.

११ मार्च

प्रुफं आली, ६८ पानं. हिनं सगळी वाचली, दोन दिवस घेतले. चुका काढल्या १९. मग गारपिटीच्या गोष्टीपाशी थांबली आणि म्हणाली, "त्यांना दाखवलीत का?"

कोणाला?

"ज्यांची आहे त्यांना. तुम्हीच लिहिलंय ना, वाचून दाखवला नाही म्हणून. परत तेच करताय."

यावर मला उत्तर आलं नाही. संध्याकाळी रागारागात फिरायला गेलो.

१६ मार्च, रविवार

एसटीनं गेलो त्या गावाला. ११ वर्षांत रस्ता झालाय, ज्वारीच्या जागी सोयाबीनचे खुंट आणि पलीकडं कोणाची तरी द्राक्षबाग. म्हातारी चार वर्षांपूर्वी गेली. सून आहे, तीच आता तेव्हाच्या म्हातारीएवढी दिसते. मला ओळखलं नाही आधी, भाऊसाहेब म्हणून सांगितल्यावर म्हणाली, "काय परत पंचनामा हाय का?"

मी बसलो, चहा झाला, तिनं तूर निवडायला घेतली आणि मी प्रुफावरून वाचायला लागलो. आवाज बसत होता मध्येमध्ये. ती मान खाली घालून निवडत होती, सुपात खडा पडला की बाजूला टाकत होती. टोपल्यापाशी आल्यावर तिचे हात थांबले. मला वाटलं रडतीय.

म्हणाली, "लिंब न्हवता."

म्हणलं काय?

"बांधावर लिंब न्हवता भाऊसाहेब, चिंच हाय. जाऊन बघा, अजून हाय. लिंब हिरीपशी. आन् पोपट कुठले आमच्या रानात, साळुंक्या होत्या त्या. एक घुबडाचं पिल्लू बी होतं, ते आत्यानं येगळं पुरलं."

लिहून घेतलं. पुढं वाचलं. "ती बरं म्हणाली आणि टोपलं घेऊन बांधाकडं गेली" इथं आलो तर ती हसायलाच लागली, पदर तोंडाला लावून.

"आत्या आन् बरं म्हणंल? तुमी गाडीवर बसून गेल्यावर तिनं तुमाला काय शिवी हासडली, सगळ्या वस्तीनं ऐकली."

काय शिवी, विचारलं. आधी सांगेना, मग सांगितली. चांगली होती. माझ्या हुद्द्याचा आणि त्या रकान्याचा दोन्हीचा उल्लेख होता तिच्यात, आणि पाच शब्दांत बसवलेली. मी १,६२० शब्द लावले होते.

निघताना बांधावर जाऊन आलो. चिंचच आहे.

१७ मार्च

दुरुस्त्या : लिंबाची चिंच केली, ३ ठिकाणी. पोपट काढून साळुंक्या. घुबडाचं पिल्लू वाढवलं. "बरं म्हणाली" खोडलं, तिथं शिवी घातली, पूर्ण. पाखरं एकूण किती होती ते सुनेला आठवत नाही, मलाही नाही, म्हणून तिथं आकड्याची जागा मोकळी ठेवली.

डीटीपीवाल्याचा दुपारी फोन, काका ती पान ५१ वरची ओळ चुकून राहिलीय का, काढू का.

म्हणलं राहू दे. आणि ३० नको, ३१ प्रती काढ, एक त्या गावाला पाठवायचीय.